सातबाऱ्यापासून सुरुवात करा: ऊर्जा प्रकल्पांच्या पर्यावरणीय आणि सामाजिक नियमांची नव्यांसाठी वाट

ऊर्जा कंपनीच्या किंवा सल्लागार संस्थेच्या पर्यावरण-सामाजिक विभागात रुजू झालं की पहिल्याच आठवड्यात हातात एक तक्ता पडतो. डावीकडे कायद्यांची नावं, उजवीकडे 'मिळाली', 'प्रलंबित' किंवा 'लागू नाही'. मी या कामाला लागले तेव्हा त्या तक्त्यातल्या 'लागू नाही' या शब्दांवर माझा पूर्ण विश्वास होता. पुढे कळलं, की गावातली निम्मी भांडणं त्याच ओळींतून उगवतात. म्हणून हा लेख तक्ता कसा भरायचा हे सांगतोच, पण त्या रिकाम्या ओळींकडे कसं बघायचं, हे जास्त सांगतो.

उदाहरणं महाराष्ट्रातली आहेत. पर्यावरण, वन आणि वन्यजीवांचे कायदे केंद्राचे असल्यामुळे देशभर सारखेच चालतात. जमिनीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात, हे ध्यानात ठेवा.

पहिली पायरी: वीज कशापासून?

सगळ्यात आधी १४ सप्टेंबर २००६ ची पर्यावरण आघात मूल्यांकन अधिसूचना उघडा. १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली ती निघाली आहे. तिच्या अनुसूचीत कोणत्या प्रकल्पाला आधी पर्यावरण मंजुरी लागते याची यादी आहे. अणुऊर्जा असेल तर प्रकल्प केवढाही असो, केंद्राची मंजुरी लागते. कोळशाचं ५०० मेगावॅट किंवा त्याहून मोठं वीजकेंद्र केंद्राकडे जातं, लहान असेल तर राज्याच्या प्राधिकरणाकडे. जलविद्युत २५ मेगावॅटच्या आत असेल तर ती या यादीबाहेर आहे. अनुसूचीत वारंवार दुरुस्त्या होतात, विशेषतः उदंचन, म्हणजे पाणी पुन्हा वरच्या तलावात चढवून वापरणाऱ्या, जलविद्युत प्रकल्पांबाबत गेल्या काही वर्षांत बऱ्याच झाल्या. त्यामुळे कुणाच्या जुन्या सादरीकरणावर विसंबू नका, आजची दुरुस्त प्रत स्वतः वाचा.

सौर फोटोव्होल्टाइक आणि पवनचक्क्या या यादीत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे गट केले. सौर, पवन आणि २५ मेगावॅटखालची जलविद्युत पांढऱ्या गटात गेली. धूर नाही, सांडपाणी नाही, या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण मंजुरी नाही म्हणजे मूल्यांकनाचा अहवाल नाही, आणि अहवाल नाही म्हणजे जनसुनावणीही नाही. शंभर एकरांवर कुंपण पडतं आणि गावाला अधिकृतपणे विचारण्याचा एकही प्रसंग कायद्याने ठरवून दिलेला नसतो. कोळशाच्या प्रकल्पात काम करणाऱ्याला कायदा हाताला धरून गावात नेतो. सौर प्रकल्पात तुम्हाला आपणहून जावं लागतं.

दुसरी पायरी: जमीन कुणाची, आणि वापरतं कोण?

इथे वेळ घाला. बाकीच्या सगळ्या पायऱ्या याच पायरीवर उभ्या आहेत.

प्रस्तावित जागेच्या प्रत्येक गटाचा सातबारा काढा. सोबत आठ-अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशाही घ्या. सातबाऱ्यावरचं नाव वाचून थांबू नका. भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २, ते बघा. वर्ग २ ची जमीन, म्हणजे वतनाची, सिलिंगमधून मिळालेली, सरकारने वाटप केलेली वगैरे, बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय हस्तांतरित होत नाही. मग 'इतर हक्क' हा रकाना शांतपणे वाचा. कुळाचं नाव, बँकेचा बोजा, विहिरीतला हिस्सा, वहिवाटीचा रस्ता या गोष्टी तिथे दडलेल्या असतात. गाव नमुना बाराचा पीकपेरा चार-पाच वर्षांचा बघा. 'पडीक' म्हणून दाखवलेल्या जमिनीत दरवर्षी बाजरी किंवा हुलगा येत असेल तर ती पडीक नाही.

खातेदार आदिवासी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ ची कलमं ३६ आणि ३६-अ लागू होतात. बिगर आदिवासीला विक्री असो वा भाडेपट्टा, पूर्वमंजुरीशिवाय चालत नाही. 'फक्त भाड्याने घेतोय' ही पळवाट नाही. नंदुरबार, धुळे, नाशिक, पालघर, गडचिरोली अशा जिल्ह्यांचे काही भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतात. तिथे १९९६ चा पेसा कायदा आणि महाराष्ट्राचे २०१४ चे पेसा नियम ग्रामसभेला वेगळा अधिकार देतात. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे पहिल्याच दिवशी तपासा.

आता गायरान. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली आणि २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा मोठ्या प्रमाणावर चालू आहे. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा तिचा हेतू मला मनापासून पटतो. ऐन थंडीत रात्री दोन वाजता पाणी धरायला जाणारी माणसं मी पाहिली आहेत. या योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वार्षिक भाडं आणि दरवर्षी ३ टक्के वाढ आहे. पण उपकेंद्राजवळ सलग जागा हवी असते आणि ती बऱ्याचदा गायरानातच सापडते. महसूल संहितेच्या कलम २२ नुसार जिल्हाधिकारी अशा जमिनी गुरचरणासारख्या कामांसाठी राखून ठेवतात. गावाचे चराईचे, सरपणाचे, वाटेचे हक्क विदर्भात निस्तारपत्रकात लिहिलेले सापडतात. कुणाच्या जमिनीवरून किंवा पाण्यावर गावाचा काय रिवाज आहे, ते वाजिब-उल-अर्जात असतं. हे कागद मागायचे असतात हेच अनेक नव्यांना माहीत नसतं. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनींवरची अतिक्रमणं हटवण्याचा आदेश दिला, त्यानंतर गायरानाच्या प्रश्नाला आणखी धार आली आहे.

माझ्या सुरुवातीच्या काळातली एक जागा मला अजून विसरता येत नाही. सातबारा स्वच्छ होता. ग्रामपंचायतीचा ठराव होता. आम्ही दोनदा भेट दिली, दोन्ही वेळा दुपारी, आणि माळ रिकामा दिसला. कुंपण उभं राहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता एक आजी चौदा-पंधरा शेळ्या घेऊन जाळीपाशी उभ्या होत्या. पाणवठा जाळीच्या पलीकडे होता. त्या रोज सकाळी येऊन दहाच्या आत परत जात. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं आणि आम्ही त्यांच्या वेळेला कधी गेलोच नव्हतो. पुढे जाळी मागे घेऊन पाणवठ्याला वाट काढून दिली. पण तोवर गावाच्या मनात जे बसायचं ते बसलं होतं.

तेव्हापासून माझा नेम असा: जागेवर पहाटे एकदा, संध्याकाळी गुरं परततात तेव्हा एकदा आणि आठवडे बाजाराच्या दिवशी एकदा. हंगाम बदलला की पुन्हा. दिवाळीनंतर कोकणात उतरणारे आणि पावसाळ्याच्या तोंडावर परतणारे धनगरांचे वाडे जूनमधल्या सर्वेक्षणात तुम्हाला दिसणार नाहीत. सरपंचांशी बोला, पण तिथेच थांबू नका. ज्यांच्याकडे सातबारा नाही अशा घरांत जा. अर्धेलीने कसणारे, शेळ्यावाले, गवत कापून विकणाऱ्या बाया यांना विचारा, की ही जागा गेली तर तुमचं काय थांबेल? उत्तर तारीख घालून लिहून ठेवा.

तिसरी पायरी: झाडी दिसो वा न दिसो, वन आहे का ते बघा

वनजमीन म्हणजे डोळ्यांना दिसणारं रान नव्हे. उघडा बोडका माळही कागदोपत्री राखीव वन असू शकतो आणि सातबाऱ्यावर महसूल विभागाचं नाव असलेली जमीन वनविभागाच्या नोंदीत वन निघू शकते. उपवनसंरक्षकांच्या कार्यालयातून लेखी अभिप्राय घ्या. वन निघालं तर १९८० चा वन संवर्धन कायदा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीने त्याचं नाव 'वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम' झालं आहे. मंजुरी दोन टप्प्यांत मिळते: आधी तत्त्वतः, मग अटी पूर्ण झाल्यावर अंतिम. पर्यायी वनीकरण आणि वनाचं निव्वळ वर्तमान मूल्य, म्हणजे वन गेल्याने होणाऱ्या तोट्याची पैशातली किंमत, भरणं या त्यातल्या मोठ्या अटी आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याचं काम याच्याशीच जोडलेलं आहे. वैयक्तिक आणि सामूहिक दावे निकाली निघाले आहेत का, हे तपासण्याची जबाबदारी २०२२ च्या वन संवर्धन नियमांनंतर राज्य सरकारवर आली. त्यामुळे कंपन्यांना वाटतं, की हे शेवटी होईल. तसं करू नका. वनहक्क नियमांनुसार ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची उपस्थिती लागते आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश महिला असाव्या लागतात. घाईने उरकलेल्या, सह्यांच्या वहीत फक्त पुरुषांची नावं असलेल्या ठरावावर उभा राहिलेला प्रकल्प न्यायालयात एका सुनावणीतही अडचणीत येऊ शकतो.

किनाऱ्यालगत असाल तर किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना बघा. सह्याद्रीत असाल तर पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा बघा. तो जुलै २०२४ मध्ये सहाव्यांदा निघाला आणि त्यात गावांची यादी आहे. स्थानिक अधिसूचनाही विसरू नका. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला आणि १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर तिथे न्यायमूर्ती धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र प्राधिकरण बसलं. तिथल्या औष्णिक केंद्रात गंधक काढणारी यंत्रणा बसली ती त्या प्राधिकरणाने वर्षानुवर्षं लावलेल्या रेट्यामुळे.

चौथी पायरी: पर्यावरण मंजुरी आणि जनसुनावणी

प्रकल्प यादीत असेल तर 'परिवेश' या केंद्राच्या संकेतस्थळावर अर्ज जातो. तज्ज्ञ समिती अभ्यासाची कार्यकक्षा ठरवून देते. मान्यताप्राप्त सल्लागार साधारण १० किलोमीटरच्या परिघात हवा, पाणी, माती, जैवविविधता आणि लोकजीवन यांची पायाभूत मोजमापं घेतात. मग मसुदा अहवाल आणि त्याचा सारांश तयार होतो. हा सारांश स्थानिक भाषेत असावा लागतो, आणि इथेच मोठी कुचराई होते. 'निलंबित कणीय पदार्थांचं संहतीकरण' असं लिहिलेलं मी मराठी म्हणून खपवलेलं पाहिलं आहे. 'धूळ' लिहा, 'राख' लिहा. 'रोज इतके ट्रक, या रस्त्याने, शाळेसमोरून' असं लिहा. मसुदा झाल्यावर तो गावातल्या एखाद्या दहावी झालेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. ती जिथे अडखळेल ते वाक्य बदला.

जनसुनावणी प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवतं. किमान ३० दिवस आधी एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक दैनिकात सूचना छापावी लागते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जाचे नसलेले त्यांचे प्रतिनिधी असतात. गणसंख्येची अट नाही, म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी कायदेशीर ठरते. संपूर्ण चित्रीकरण होतं. शेवटी इतिवृत्त तिथेच स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं. ज्यांना समोर यायचं नाही, ते लेखी हरकत देऊ शकतात, आणि प्रत्येक हरकतीला अंतिम अहवालात उत्तर असावं लागतं.

तारीख जिल्हाधिकारी ठरवतात, पण विनंती तुम्ही करू शकता. पेरणीच्या, कापणीच्या, यात्रेच्या दिवसांत नको असं लेखी सांगा. पाड्यांवर दवंडी पोचेल असं बघा. बायांना बोलायचं असेल तर त्यांच्यासाठी पुढे जागा ठेवा, नाहीतर माईक त्यांच्यापर्यंत येतच नाही. मंडपात आरडाओरड झाली म्हणून घाबरू नका. लोक चिडून का होईना, बोलतायत तोवर ऐकता येतं.

अंतिम अहवालाची छाननी तज्ज्ञ समितीने ६० दिवसांत आणि त्यावरचा निर्णय त्यापुढच्या ४५ दिवसांत व्हायचा, असं अधिसूचनेत आहे. मंजुरी मिळाली की ७ दिवसांत दोन स्थानिक दैनिकांत जाहीर करायची. तिच्याविरुद्ध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात ३० दिवसांत अपील करता येतं आणि पुरेसं कारण असेल तर आणखी ६० दिवसांची मुभा आहे. पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. मंजुरीनंतर जल कायदा १९७४ आणि हवा कायदा १९८१ खाली मंडळाचं चालवण्याचं संमतीपत्र लागतं; उभारणीचं वेगळं संमतीपत्रही पूर्वी लागायचं, पण पर्यावरण मंजुरी असलेल्या प्रकल्पांना केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्यातून सूट दिली, तेव्हा आजची स्थिती मंडळाकडे तपासा.

आणि एक नियम मोडू नका: मंजुरीआधी जागेवर खोदकाम नाही. काम आधी, परवानगी मागाहून, या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये बंदी घातली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो निकाल मागे घेतला. या हेलकाव्यांवर कुणीही आपला प्रकल्प बेतू नये.

पाचवी पायरी: जमीन घेणं आणि माणसं हलवणं

वीज आणि विस्थापन यांचं नातं महाराष्ट्राला शंभर वर्षांपासून ठाऊक आहे. १९२१ मध्ये मुळशीच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला, सेनापती बापट त्यात पुढे होते, आणि ते धरण विजेसाठीच होतं. कोयनेने राज्याला १,९६० मेगावॅटची क्षमता दिली, पण तिथल्या प्रकल्पग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून जमिनीच्या ताब्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतायत. नव्याने येणाऱ्याने हा इतिहास वाचलेला असला पाहिजे, कारण तुम्ही ज्या ओसरीवर बसणार आहात तिथे तो सगळ्यांना तोंडपाठ असतो.

सरकारने जमीन संपादित केली तर २०१३ चा भूसंपादन कायदा लागतो. तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के आणि सरकारी-खासगी भागीदारीत ७० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. बाजारभाव, ग्रामीण भागासाठी गुणांक, त्यावर १०० टक्के दिलासा रक्कम असा मोबदल्याचा हिशेब आहे. सामाजिक आघात मूल्यांकन वेगळं. काही प्रकारच्या प्रकल्पांना राज्याच्या दुरुस्त्यांनी त्यातून सूट दिलेली आहे, तेही तपासा.

या कायद्याची मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे 'बाधित कुटुंब' या शब्दाची व्याख्या. तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेला शेतमजूर, कूळ, वाटेकरी, सगळे त्यात येतात. पण हे सगळं संपादनात. कंपनीने थेट भाडेपट्टा केला की हे कुणीच दिसेनासे होतात. मालकाला भाडं सुरू होतं आणि पंधरा वर्षं तीच जमीन अर्धेलीने कसणारा दुसऱ्या दिवशी रोजगार हमीच्या कामावर जातो. भाडेपट्ट्याच्या प्रकल्पातही बाधितांची यादी याच व्याख्येने करा, असं मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला सांगते. तुमचा कर्जदाता आंतरराष्ट्रीय असेल तर ते ऐच्छिक राहतही नाही. आंतरराष्ट्रीय वित्त महामंडळाची आठ कार्यमानकं किंवा जागतिक बँकेची दहा मानकं कर्जाच्या करारातच येतात. देशाच्या कायद्याने सौर प्रकल्पाला अहवाल लागत नसला तरी ती मानकं तो मागतात, तक्रार निवारणाची व्यवस्थाही मागतात. वरिष्ठांना पटवताना हा मुद्दा कामाला येतो.

सहावी पायरी: तारा

प्रकल्पाच्या जागेवर महिनोन्महिने काम होतं आणि वीज बाहेर नेणाऱ्या वाहिनीचा विचार शेवटी होतो. विद्युत कायदा २००३ चं कलम १६४ वाहिनी टाकणाऱ्याला १८८५ च्या तार कायद्यातले अधिकार देऊ शकतं. म्हणजे जमीन शेतकऱ्याच्याच नावावर राहते आणि मनोरा तिच्यात उभा राहतो. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये मनोऱ्याखालच्या जागेसाठी जमीन किमतीच्या ८५ टक्के आणि तारांखालच्या पट्ट्यासाठी कमाल १५ टक्के असा मोबदला सुचवला होता. जून २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत तो अनुक्रमे २०० आणि ३० टक्के झाला. प्रत्यक्षात राज्याचा चालू शासन निर्णय लागू होतो, त्याची प्रत खिशात ठेवा. पिकाचं आणि झाडांचं नुकसान वेगळं, त्याचा पंचनामा शेतकऱ्यासमोर करा आणि प्रत त्याला तिथेच द्या.

तारा माळरानावरून जात असतील तर पक्ष्यांचा अभ्यास हवाच. माळढोक सरळ समोर नीट बघू शकत नाही, शरीराने जड असतो, तारेला धडकून मरतो. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये राजस्थान-गुजरातच्या अधिवासात तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि मार्च २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समिती नेमली. आपल्याकडे सोलापूरजवळच्या नान्नजचा माळ याच पक्ष्यासाठी राखला गेला. माळरान म्हणजे 'पडीक' ही सवय सोडा. तिथे लांडगे आहेत, खोकड आहेत, चंडोल आहेत.

सातवी पायरी: मंजुरीनंतर

मंजुरीपत्रातल्या अटी वाचून प्रत्येकीसमोर जबाबदार माणसाचं नाव आणि तारीख लिहा. पूर्ततेचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला जातो. तो मराठीतही करून ग्रामपंचायतीत ठेवा. असा कुठला नियम नाही, पण त्याने बरेच गैरसमज टळतात. सौर पॅनल एप्रिल २०२३ पासून ई-कचऱ्याच्या नियमांत आले आहेत, तेव्हा फुटलेले पॅनल भंगारवाल्याला देऊ नका.

तक्रारींसाठी एक जाड वही ठेवा, फाटकावर नको, गावात. चावडीत किंवा किराणा दुकानात चालेल. लिहिता न येणाऱ्याची तक्रार तुमच्या माणसाने लिहून घ्यायची, वाचून दाखवायची आणि पंधरा दिवसांत उत्तर त्याच पानावर लिहायचं. पहिल्या पानावर तुमचा फोन नंबर असू द्या.

पहिल्या मोठ्या पावसानंतर जागेला चक्कर मारा. सपाटीकरणाने ओढ्याचं पाणी कुठे वळलं, कुणाच्या बांधात घुसलं, पाणंद कुठे चिखलात गेली, हे तेव्हाच दिसतं. सोबत मोजणीचा जुना नकाशा आणि खालच्या अंगाला शेती असलेला एखादा शेतकरी घेऊन जा. कुंपणाच्या बाहेरून पूर्ण फेरी मारा आणि तो जिथे थांबेल तिथे थांबा.